भाजी कुठली?

लग्नाच्या पंगतीत सर बसले की आधी आचाऱ्याला हाक मारत. "वांगी कुठली?"

आचारी म्हणे, "मंडईतली."

"मंडईत कुठून आली?"

आता हे आचाऱ्याला काय ठाऊक? तो वाढप्याकडे बघे, वाढपी यजमानांकडे, आणि यजमान दुसरीकडेच बघत. मग सर वरण, भात आणि लोणचं एवढंच घेत. कैरी उंच झाडावरची असते, ती चालते, असं शेजारच्या माणसाला नीट समजावून सांगत. शेजारच्याच्या पानात वांगी असत. त्याचा हात तिथेच थांबे.

जामबागेत आम्हा मराठी लोकांची घरं मोजकीच. दोन-चार लग्नांत असं झाल्यावर त्यांना कुणी बोलावेना. पत्रिका मात्र त्यांच्याकडे ढीगभर असत, कारण लग्न होऊन गेलं की ते घरोघर जाऊन उरलेल्या पत्रिका मागून आणत. पत्रिकेची मागची बाजू कोरी असते. तिचे तुकडे कापून ते मातीच्या पुड्यांना लावत. एका बाजूला 'श्री गजानन प्रसन्न', दुसऱ्या बाजूला 'नाल्याकडची कड, वीतभर खोल'.

सर एका कॉलेजात रसायनाच्या प्रयोगशाळेत होते. शिकवणारे नव्हते. मुलांना बाटल्या, नळ्या लावून द्यायचं काम. पण तिथलं धातू मोजायचं मोठं यंत्र त्यांच्याशिवाय कुणाला नीट चालवता येत नसे, म्हणून सुट्टीच्या दिवशी कॉलेजवाले ते त्यांना स्वतःसाठी वापरू देत. लग्न केलेलं नव्हतं. आमच्याच इमारतीत, माझ्या डोक्यावरच्या खोलीत राहात. खोलीत एक खाट, एक स्टो, आणि खाटेखाली बिस्किटांचे रिकामे डबे. डब्यांत माती. त्यांच्या सदऱ्याला चार खिसे होते आणि चारांत माती असे. धोबी कपडे घेईना, मग ते स्वतः धूत, आणि धुतलेलं पाणीही मोरीत न ओतता बघत बसत.

कशालाही त्यांचं उत्तर एकच. "ठाऊक नाही. मोजून सांगतो." पाऊस येईल का, बस वेळेवर आहे का, काहीही विचारा. एकदा जिन्यात कुणीतरी सहज विचारलं, "सर, बरे आहात ना?" सर थांबले, मनगटावर बोट ठेवलं, घड्याळाकडे बघून पूर्ण मिनिटभर नाडी मोजली. तोवर विचारणारा निघून गेला होता. सरांनी उत्तर जिन्याला दिलं.

अशा माणसाशी माझं जमण्याचं काही कारण नव्हतं. मी चौथी शिकलेली. बोलणं फटकळ. माझे मालक आबिड्सला पोस्टात होते. ते गेल्यावर थोडी पेन्शन आणि सासऱ्यांनी घेऊन ठेवलेली दोन एकर जमीन एवढं माझ्याकडे उरलं. जमीन शहराबाहेर, नामपल्लीहून बसने तासाभरावर, एका नाल्याच्या काठी. तिथे यल्लम्मा नावाची बाई माझ्याबरोबर राबायची. पालक, चुका, मेथी, अंबाडी आम्ही काढायचो आणि मी ती टोपलीत घालून पहिल्या बसने आणून आमच्या गल्लीच्या तोंडाशी विकायची.

त्या वर्षांत देश उघडला, देश उघडला, असं पेपरात रोज येई. आमच्या जमिनीच्या वरच्या अंगाला तीन कारखाने उघडले. एक बॅटऱ्यांचा, एक रंगांचा, आणि तिसऱ्यात काय होई ते कुणालाच कळलं नाही. नाल्याचं पाणी कधी पिवळट, कधी निळसर. वास यायचा. पण आधी फक्त पावसाळ्यात वाहणारा नाला आता बाराही महिने वाहू लागला, म्हणून आम्ही सगळे खूश होतो. खोटं कशाला सांगू? मीच इंजिन लावून ते पाणी पालकाला दिलं. पालकाचं पान हातभर व्हायचं. बायका म्हणायच्या, तुझ्यासारखा पालक मंडईत नाही.

सर एक दिवस टोपलीपाशी आले. "भाजी कुठली?"

"माझ्या शेतातली."

"शेत कुठे?"

"नाल्याकाठी."

त्यांनी एक जुडी नेली. पंधरा दिवसांनी पत्रिकेच्या तुकड्यावर काहीतरी लिहून आणलं आणि म्हणाले, "बाई, ही भाजी विकू नका."

"का? जून निघाली?"

"ह्यात शिसं आहे. कॅडमियम आहे."

"मी काही घातलं नाही."

"तुम्ही नाही. पाण्याने आणलं. मातीत साठलंय, मातीतून पानात येतंय."

मी म्हटलं, "सर, चार घरी जाऊन विचारा, माझी भाजी खाऊन कोण आजारी पडलं ते."

"लगेच नाही पडत," ते म्हणाले. "तेच तर वाईट आहे."

"हे बघा, तुम्हाला पगार येतो. मला पालक येतो. निघा आता, गिऱ्हाईक खोळंबलंय."

दुसऱ्या दिवशी मी टोपली उतरवते तोच सर दोन मोठ्या पिशव्या घेऊन हजर. सगळी टोपली विकत घेतली. तिसऱ्या दिवशी तेच. असे सलग आठ दिवस. मला वाटलं, वेड लागलं तर लागलं, माझं काय जातं? पण रोजच्या गिऱ्हाइकांची कुरकुर सुरू झाली. समोरच्या रझिया आपा तर म्हणाल्या, "क्या जी, पूरी भाजी मास्टरइच ले जारे? घर में भैंस पाल लिए क्या?"

आठव्या दिवशी मी पापड वाळत घालायला गच्चीवर गेले आणि बघते तर सगळ्या गच्चीभर माझा पालक. वर्तमानपत्रांवर पसरलेला, दगड ठेवलेला, प्रत्येक ढिगाला चिठ्ठी. सर मधोमध उकिडवे बसून पानं उलटत होते.

माझं डोकंच फिरलं. "विकत घेतलात ना? मग खा नाहीतर फेका. असं वाळवण मांडून माझी बदनामी कशाला?"

"फेकली तर गाय खाईल," सर म्हणाले. "कुणी खाऊ नये म्हणून तर घेतली. पण उद्यापासून मला नाही जमणार. पगार संपला." मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही स्वतः ही भाजी खाता?"

"रोज. विकून उरते ती मीच खाते. दुसरं काय खाणार?"

सर उकिडवे होते ते खालीच टेकले. मग म्हणाले, "मग आधी तुमचं थांबवू."

माझ्या भाजीचा भाव सगळ्यांनी विचारला होता. ताजी आहे का, तेही विचारलं होतं. मी काय खाते, हे मालक गेल्यापासून कुणी विचारलं नव्हतं. मला रडू वगैरे आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी टोपली घेऊन बसले नाही.

रविवारी आम्ही दोघं नामपल्लीहून बसने शेतावर गेलो. सरांच्या मांडीवर रिकाम्या पिशव्यांचं गाठोडं, आणि येताना त्यात माती. कंडक्टर सामानाचं तिकीट मागायला लागला. सर म्हणाले, "सामान नाही, पेशंट आहे." कंडक्टर एक सीट पुढे सरकला.

मातीला ते खरोखरच पेशंट म्हणत. "हिला औषध नाही, बाई. हिला पथ्य आहे." पहिलं पथ्य, नाल्याचं पाणी बंद. इंजिन विकून मी नाल्यापासून लांबच्या अंगाला बोअर मारली. दुसरं, चुना आणि भरपूर शेणखत. आणि तिसरं, मोहरी. मोहरी पेरायची. ती मुळांनी शिसं ओढते. फुलावर आली की मुळासकट उपटायची आणि शेताच्या कोपऱ्यात सिमेंटचा हौद बांधून घेतला होता, त्यात टाकून वर पत्रा झाकायचा. परत पेरायची. परत उपटायची. एक पान माणसाच्या किंवा जनावराच्या तोंडी जाऊ द्यायचं नाही. जाळायचंही नाही, धूर वाईट. यल्लम्माला आणि मला त्यांनी आबिड्सच्या फुटपाथवरून जुने गमबूट आणून दिले. माझा डावा बूट उजव्यापेक्षा मोठा होता. तक्रार केली तर म्हणाले, "पाय नाही मोजला, चूक झाली," आणि त्यांना खरोखर वाईट वाटलं.

हिरवंगार पीक उपटून हौदात घालताना यल्लम्मा तोंड वेडंवाकडं करायची. "अम्मा, ये सार उगाते बी इच, गाड़ते बी इच. दुल्हन लाके उसी दिन मैके भेजने जैसा."

मी सरांना विचारायची, "किती वर्षं लागतील?"

"ठाऊक नाही. मोजून सांगतो."

"अंदाजे तरी?"

"घाई असेल तर बस पकडा, बाई. हे शेत आहे."

बस पकडणारे पुष्कळ होते. आजूबाजूच्यांनी जमिनी प्लॉटवाल्यांना देऊन टाकल्या. मोटारसायकलवरून दलाल यायचे, मलाही विचारायचे. घराच्या पायाखाली कसली माती आहे ते कुणी बघत नाही. दिली असती तर माझी सुटका होती. पण सासऱ्यांची जमीन, आणि ती मी माझ्या हाताने नासवलेली. नाला कारखान्याने नासवला, पण इंजिन माझं होतं. ती पुन्हा खाण्याजोगी झाल्याशिवाय सोडायची नाही, हे मी मनात धरलं. ह्यात थोरपण काही नाही. माझा स्वभाव तसा आहे. पेन्शनीत भागेना म्हणून गल्लीत चार घरी पोळ्या लाटायला जाऊ लागले.

तिसऱ्या वर्षी सर म्हणाले, "मोहरीच्या जोडीला झेंडू लावू. तोही ओढतो. आणि फूल कुणी खात नाही, तेव्हा पुढेमागे फुलं विकता येतील. पण मी मोजल्याशिवाय एकही फूल तोडायचं नाही."

झेंडू असा आला की काय सांगू. आणि नेमकं यंत्र बंद. त्यात प्रत्येक धातू मोजायला वेगळा दिवा लागतो, आणि शिशाचा दिवा गेला होता. नवा मुंबईहून यायचा होता. महिना झाला, दिवा येईना. नवरात्र बसलं. सर बहिणीकडे नांदेडला गेले. जाताना परत बजावलं, "दिवा आला की मोजू. तोवर तोडू नका."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूला काय मागणी असते ते मी सांगायला नको. तेव्हा फुलांची मंडी आमच्या जामबागेतच होती, घरापासून चार पावलांवर. पिवळे ढीग डोळ्यांसमोर, आणि माझं शेत फुलांनी लदलेलं. मी स्वतःशी म्हटलं, फूल कोण खातं? दाराला लावायचं, दुसऱ्या दिवशी काढायचं. यल्लम्माला घेऊन सगळी फुलं तोडली. अर्धी मंडीत दिली, अर्धी गल्लीच्या तोंडाशी बसून विकली. सगळ्या गल्लीच्या दारांना माझ्या फुलांची तोरणं लागली. माझ्याही.

दसऱ्यानंतरच्या सकाळी सर परत आले. जिना चढताना माझ्या दारापाशी थांबले. तोरणाकडे बघून म्हणाले, "फुलं कुठली?"

"मंडीतली," मी म्हटलं.

"मंडीत कुठून आली?"

मी दुसरीकडेच बघितलं. मग सरांनी जिन्याच्या खिडकीतून खाली बघितलं. मंडीतल्या दोन गाई गल्लीत शिरल्या होत्या आणि मान उंच करून दारांवरची तोरणं ओढून खात होत्या. हे त्या दरवर्षी करतात. दरवर्षी मी बघते. पण तोडताना माझ्या डोक्यात आलं नाही.

सर वर गेले, गोणपाटाचं पोतं घेऊन खाली उतरले, आणि पहिल्या दारापासून सुरुवात केली. "वाळलेलं तोरण द्या." "तुमचं झालं असेल तर तोरण द्या." मंडीतली फुलं शहरभर गेली होती, ती काही परत येणार नव्हती. पण आमची आणि आजूबाजूच्या दोन गल्ल्या त्यांनी घेतल्या. पहिल्या दिवशी लोक हसले. आधी पत्रिका मागायचा, आता तोरणं. रझिया आपांच्या घरात तोरण नव्हतंच, त्या दारात उभ्या राहून मजा बघत होत्या. "साब, सूखे फूलां ले को क्या करते? अब तो शादी कर लो, ताजे हार मिलते."

दुसऱ्या दिवशी हसणं थांबलं. आमच्याच इमारतीतल्या सरूबाईच्या नातीला ताप आला. सरूबाई म्हणजे घसा मोठा आणि मन तसं वाईट नाही, पण घशाच्या मागून चालणारं. ती गल्लीत उभी राहून ओरडली, "काल हा माणूस दाराचं तोरण घेऊन गेला आणि आज पोरीला ताप! कशासाठी हवीत ह्याला घराघरांतली वाळलेली फुलं?"

आम्ही सगळे बिदर, उदगीर, नांदेडकडचे. आमच्याकडे कुणी घरातली उतरलेली वस्तू मागून नेली, केस नेले, वाळलेलं फूल नेलं, की लोकांना एकच गोष्ट आठवते, भानामती. वाण्याचं दुकान सोडून लोक आले, मंडीतले हमाल आले. कुणीतरी पोतं हिसकलं. सगळी फुलं रस्त्यावर सांडली. कुणीतरी सरांना ढकललं आणि त्यांचा चष्मा पडला. एक काच फुटली.

"अहो, ह्यात शिसं असेल," सर म्हणत होते. "ठाऊक नाही. मोजायचंय. गाई खातायत म्हणून गोळा करतोय."

"फुलांत शिसं कुठून येईल? कुणाच्या शेतातली आहेत?"

"किसके फूलां हैं, नाम बोलो ना साब!"

मी जिन्याच्या पायरीवर उभी होते. पोळ्या टाकून आले होते, हाताला कणीक तशीच. मला माहीत होतं, बोलले तर संपलं. ह्या गल्लीत परत कुणी माझ्या हातची जुडी घेणार नाही, शेत साफ झालं तरी घेणार नाही. मग ती सगळी उपटणी कशासाठी?

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. एक डोळा मिटून, फुटक्या चष्म्यातून त्या लोकांकडे बघत म्हणाले, "कुणाची ते ठाऊक नाही."

सरांना 'ठाऊक नाही' म्हणताना मी हजारदा ऐकलं असेल. खोटं म्हणताना तेवढंच एकदा.

तरी मी अर्धं मिनिट गप्प उभी राहिले. ते अर्धं मिनिट मला अजून आवडत नाही. मग खाली उतरले आणि म्हटलं, "माझी आहेत. माझ्या शेतातली. शेतात कारखान्याचं पाणी येत होतं. सरांनी नको म्हटलं होतं, ते गावाला गेल्यावर मी तोडली. तो माणूस तुमच्या गाईंसाठी मार खातोय."

मग सरूबाई म्हणाली, "म्हणजे गं, तो पालक... तू आम्हाला तोच घालत होतीस?"

"हो. समजल्यापासून बंद केला. त्याआधी मी पण तोच खात होते."

ती नातीला उचलून घरात गेली आणि दार लावलं. पोरीचा ताप साधा होता, दोन दिवसांत उतरला. मी रस्त्यावर बसून फुलं पोत्यात भरू लागले. सर पण शेजारी बसून भरू लागले. रझिया आपांनी वरून झाडू टाकला.

चारातल्या दोन घरांनी माझ्या पोळ्या बंद केल्या. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

दिवा दिवाळीनंतर आला. एका रविवारी संध्याकाळी सर धावत जिना चढले, माझं दार वाजवलं. चष्म्याच्या काडीला दोरा, एक काच नवी, एक जुनी. "बाई, फुलात नाही! मुळात आहे, पानात आहे, देठात थोडं आहे. फुलात जवळजवळ नाहीच!"

मी लाटणं खाली ठेवलं. "म्हणजे त्या तोरणांनी काही झालं नसतं?"

"नसतं."

"मग सर, तुमचा चष्मा फुटला, माझं गल्लीत नाव गेलं, ते कशासाठी?"

सरांनी मनापासून नवल करून विचारलं, "पण मोजल्याशिवाय कसं कळणार होतं?"

ह्या माणसापुढे काय बोलणार? मी त्यांना चहा दिला. पत्ती कुठली ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं नाही, त्यांनी प्याला. त्या दिवशी गल्लीत ते खोटं बोलले त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, मीही नाही. पण त्यानंतर त्यांनी नको म्हटलेलं मी कधी केलं नाही, आणि एरवी कुणाचं ऐकायची मला सवय नाही.

पुढची वर्षं झेंडूने तारली. देठाशिवाय नुसती फुलं खुडायची, मंडीत द्यायची, खरं सांगून द्यायची. बाकीचं झाड हौदात. हौद भरत आला तेव्हा सरांनी एका सरकारी ऑफिसला पत्र लिहिलं, हे घेऊन जा. उत्तर आलं की हा विषय कोणत्या खात्याचा आहे ते कळवावं. सरांनी दुसरं पत्र लिहिलं. असं चालू राहिलं. ते त्या पत्रांना चिडत नसत. क्रमाने लावून ठेवत.

शेवटी बोअरच्या अंगाची पट्टी साफ निघाली. सरांनी तीनदा मोजलं. एकदा स्वतः, एकदा दुसऱ्याकडून, आणि एकदा परत स्वतः, कारण दुसऱ्यावर विश्वास नव्हता. तोवर ते रिटायर झाले होते, पण यंत्रासाठी कॉलेजवाले त्यांनाच बोलावत. पट्टीत पालक पेरला. पालक वर आला, तोही मोजला. मग एक दिवस म्हणाले, "बाई, टोपली काढा."

मी इतक्या वर्षांनी गल्लीच्या तोंडाशी बसले. टोपलीला सरांनी चिठ्ठी बांधली होती, सगळे आकडे, खाली सही, मागे कुणाचं तरी लग्न. चिठ्ठी कुणी वाचली नाही. बायका लांबून जायच्या. ओळखीच्या हसायच्या, आणि पुढे जाऊन दुसऱ्याकडून घ्यायच्या. ऊन वर आलं. पानं मलूल व्हायला लागली. मी म्हटलं, झालं. इतकी वर्षं मोहरी उपटली ती ह्यासाठी.

सर काठी टेकत आले. टोपलीसमोर उभे राहिले आणि चांगल्या मोठ्या आवाजात, पंगतीत विचारत तसं विचारलं, "भाजी कुठली?"

गल्लीतल्या माना वळल्या. तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता.

"माझ्या शेतातली," मी म्हटलं.

"शेत कुठे?"

"नाल्याकाठी. पण ही बोअरच्या अंगाची."

"पाणी कुठलं?"

"बोअरचं."

त्यांनी एक जुडी उचलली, कोपऱ्यावरच्या नळाला नेली आणि सात वेळा धुतली. मी मोजलं. मग तिथेच उभं राहून एक पान तोंडात टाकलं. कच्चंच. चावून खाल्लं. दुसरं पान. तिसरं. कवळी बसवलेली होती, वेळ लागत होता. अर्धी जुडी संपवली.

रझिया आपा खिडकीतून ओरडल्या, "अगे, मास्टर खा रैं! शादी में बैंगन नै खाते सो आदमी, कच्चा खा रैं!" आणि खाली टोपली सोडून म्हणाल्या, "दो जुड़ी डालो अम्मा. मास्टर के हाथ की नक्को, जूठी हो गई."

सह्या, आकडे, यंत्र, ह्यातलं गल्लीला काही कळत नव्हतं. पण हा माणूस कसा आहे, हे प्रत्येक घराला ठाऊक होतं. ज्याला त्याच्या खोडीपायी कुणी पंगतीला बसवत नव्हतं, त्या खोडीवर माझी टोपली दुपारच्या आत रिकामी झाली.

सरूबाई त्या दिवशी आली नाही. चौथ्या दिवशी आली. जुडी उलटीपालटी केली, देठ जाड आहेत म्हणाली, आणि निम्म्या भावात मागितली. तेव्हा मला कळलं की आता ठीक झालं. मी तिला दिली नाही निम्म्या भावात.

सर जाऊन बरीच वर्षं झाली. ते गेल्यावर दोन वर्षांनी तोंडाला फडकी बांधलेली सरकारी माणसं ट्रक घेऊन आली आणि हौद रिकामा करून गेली. पोच मागितली तर दिली. ती मी सरांच्या पत्रांच्या गठ्ठ्यात, क्रमाने, शेवटी ठेवली.

नाल्याकडची पट्टी अजून व्हायची आहे. "ही माझ्या हयातीत नाही व्हायची," असं सर म्हणाले होते, आणि तसंच झालं. माझ्याही हयातीत होईलसं वाटत नाही. तिथे मी झेंडू लावते. चारी बाजूंना काचेच्या मोठ्या इमारती झाल्या आहेत. दलाल आता मोटारीतून येतात, चपला काढून बसतात, अम्मा अम्मा करतात. "कब देते अम्मा जमीन?" मी सांगते, "मालूम नै. मोज के बोलती." ते पुढच्या महिन्यात परत येतात.

सरांचे आभार मी कधी मानले नाहीत. मानले असते तर त्यांनी विचारलं असतं, "किती?"